जाईच्या गाडीची जागा

अमरावती
ता. ११ जुलै २०२२

ती. जानरावभाऊले,
धाकल्या जाईचा पायावर डोकं ठेवून जयभीम. वि. वि. इकडे समदे खुशाल हाय, तुह्या खोकल्याचं कळव.

भाऊ, आज मी हसत हसत लिहून राहिली, म्हणून अक्षर वाकडं येते, समजून घे. आपल्या ललितनं गाडी आणली! कारगाडी. अन् ते बी बिना पेट्रोलची, लाईनवर चालते. पोट्टा मोबाईल जसा रातच्याले पिन लावून ठेवते, तशीच गाडीले लावून ठेवते. सकाळी पोट भरलेलं. माह्या सूनबाईनं, दीपमालानं, मेणबत्ती लावली, वंदना घेतली, मंगच चाक हाललं. माहा उत्तम गेल्यापासून त्या बाईनं हापिसात मान खाली घालून काम केलं अन् पोराले शिकवलं, तिच्या डोळ्याले पाणी येईन नाही तं काय. गल्लीतल्या बाया पाहाले आल्या. किसनरावची बायको खाली वाकून सायलेन्सर पाहे. नाहीच तं दिसन कुठून!

आवाज म्हणशीन तं शून्य. मी आत बसली अन् ललितले इचारलं की बाप्पा, चालू कधी करतं. तं तो म्हणे आजी, आपण कॅम्प ओलांडून आलो. मी आपली पदर तोंडाले लावून हसली. उत्तम लहान असताना एस.टी.त ओकाचा, तुले आठवते ना, तू त्याले लिंबू हुंगाले देत जाय. या गाडीत कोणी ओकत नाही. वासच नाही.

आता मुद्द्याचं लिहितो. मी आता माहेरी, तुह्याकडे पातूरले, येऊन राहिली. एस.टी.ची पायरी माह्या गुडघ्याले चढत नाही, अन् मधात तं संपापायी बसच बंद होत्या, म्हणून किती साल झाले तुहं तोंड नाही पाहिलं. ललित म्हणते की आता आजीनं बसचं नावच नाही काढाचं, मामाआजाकडे मीच नेतो. मी बी ठरवलं, येईन तं गाडीनंच येईन. तुह्या शेजारच्या शेषरावची बायको लय नाक मुरडे ना माह्यावर, तिच्या दारासमोरच उतरतो.

पोस्टमन मले म्हणे की आजी, तुमच्या भावाबहिणीपायीच माह्या झोळीत चिठ्ठ्या राहिल्या. त्याले काय माहीत, तुले फोन कानाले लावला काय अन् नाही काय, सारखंच.

अशीच माया राहू दे, अन् उन्हात फिरू नको.
तुही धाकली,
जाई


पातूर
ता. २० जुलै

चि. जाईस जानरावचे आशीर्वाद. वि. वि. तुही चिठ्ठी पोचली.

गाडीले आवाज नाही याचं तुले नवल. अकोल्याच्या जिनिंगमधी कान देऊन आलो तवापासून मले दुनियेतल्या समद्या गाड्या तशाच. मांगून ट्रक आला तरी मले वाटते लाईनवरचा हाय. परवा धर्मपालनं हात धरून वढलं म्हणून ही चिठ्ठी तुले भेटून राहिली. पोरगा बापाले वाचवते अन् वरून बोलते, ते मले ऐकू येत नाही, हे त्यातलं सुख.

तुहा नातू पीकविम्याच्या कंपनीत हाय ना? गेल्या साली सोयाबीन पाण्याखाली कुजलं, त्याच्या कंपनीचा माणूस पाहाले आलाच नाही. म्हणे रस्ता नाही. आता गाडी आली तं रस्ता बी सापडन. अन् लाईनवर चालते म्हणतं, तं तिले वावरात घेऊन ये. आमच्या पंपाची लाईन केव्हा येते, हे तिलेच इचारू. दिवसा आली तं आमी सण समजतो.

हे जाऊ दे. खरं सांगतो, मन घट्ट कर. अकोल्याच्या डोळ्याच्या डॉक्टरनं पाहिलं. आतला पडदा वाळून राहिला. औषध नाही. त्यानं कागदावर लिहून दाखवलं की पुढच्या सालापर्यंत वाचता येणार नाही, माणूस बी ओळखू येणार नाही. कान तं गेलेच. मंग तू हायेस का नाही, हे मले कोण सांगन? म्हणून लवकर ये. एकदा तोंड पाहून घेऊ. मंग अंधार झाला तरी चालन.

गाडीनं ये का बैलगाडीनं ये.
तुहा भाऊ,
जानराव


अमरावती
ता. १ सप्टेंबर

ती. भाऊले जाईचा जयभीम. वि. वि.

तुही चिठ्ठी तीनदा वाचली अन् तीनदा रडली. मंग ललितसमोर ठेवली. लेकरानं पुरी वाचली. म्हणे आजी, दसऱ्याच्या आसपास जाऊ, पक्कं. मी म्हणत होती ना, माह्या ललितचं मन मोठं हाय. डॉक्टर बी कोणाले काहीही लिहून देतात. मले एका डॉक्टरनं सांगितलं होतं की गोड खाऊ नका. अजून खातो.

पण एक हाय. ललितनं समजावून सांगितलं ते लिहितो. एका वेळी पोट भरलं की गाडी पातूरले पोचते, पण तेवढ्यात वापस येत नाही. सांगाले तं कंपनीनं लय सांगितलं होतं, पण ते ए.सी. न लावता, अन् बहुतेक माणूस बी न बसवता. मूर्तिजापूरकडे एका ढाब्यावर भराची सोय हाय म्हणतात, ते कधी चालू, कधी बंद. म्हणून तुह्या घरी भरा लागन. घरातली टीव्हीची पिन चालत नाही. जाड वायरची मोठी पिन लागते, अन् तिचं अर्थिंग जमिनीत नीट उतरलेलं पाहिजे. गाडी सावलीत पाहिजे, पावसात नको. बस, एवढंच. ना पेट्रोल, ना ऑइल!

अन् मले याच्यात एक मजा दिसते. घरच्या पिनवर गाडी भराले पुरा दिवस लागते. म्हणजे पुरा दिवस आपलं बसणं. ललितले घाई करताच येणार नाही. तू ऐकू नको, मी बोलत राहीन.

पोळा कसा झाला? लाल्याले पुरणपोळी चारली का? एकट्या बैलाचा पोळा म्हणजे एका हाताची टाळी. पण तरी.

तुही बडबडी,
जाई


पातूर
ता. २२ सप्टेंबर

चि. जाईस आशीर्वाद. वि. वि.

तुह्या गाडीची सोय झाली. बैलाचा कोठा तिलेच देला. तिथं लाल्याची गव्हाण होती, ते फोडली. खुटा उपटला. खाली फरशा टाकल्या. टीन गळत होते, त्याले डांबर लावलं. आता तुही गाडी तिथं माह्यापेक्षा कोरडी राहीन.

उसामा वायरमन आला होता. मोठी पिन बसवली, जाड वायर खांबापासून नवी वढली. अर्थिंगसाठी निंबाखाली खड्डा खंदला, त्यात कोळसा अन् मीठ भरलं, वरून पाणी टाकलं. म्हणे चाचा, रोज एक तांब्या पाणी टाकत जा, जमीन वाळली की अर्थिंग मरते. मी रोज टाकतो. वावरात पाणी नाही, पण तुह्या गाडीच्या खड्ड्यात हाय. धर्मपाल हसते. तोंडावरून समजते.

लाल्याले शेषरावच्या कोठ्यात धाडलं. तसं बी त्याचा एक बैल अन् माहा एक, अशीच जोडी लावून आमी दोघं वावर वाहत होतो. आता दोन्ही त्याच्याच घरी. जाताना मान वळवून पाहे. मी दुसरीकडे पाहिलं.

रोज दिवेलागणीले पिनले बल्ब लावून पाहतो, करंट हाय का नाही. माही सूनबाई तिथं मिक्सर लावाले गेली तं मी बोललो. ते पिन जाईच्या गाडीची हाय. भिंतीवर गेरूनं तसं लिहून बी टाकलं, म्हणजे मोठ्या अक्षरात मले वाचता येते. बारीक आता दिसत नाही. तू बी मोठं काढत जाय.

दसऱ्याची वाट पाहतो.
जानराव


अमरावती
ता. ३० ऑक्टोबर

ती. भाऊले जयभीम. वि. वि.

भाऊ, रागावला असशीन. रागाऊ नको. मी समदं सांगतो.

दसऱ्याले ललितचे दोस्त आले. दीक्षाभूमीले जाऊ म्हणाले, तं धम्माच्या कामाले नाही कसं म्हणता येईन? नागपुरात म्हणे गाडी भराचे ठेसन जागोजागी हायेत. दोन दिवस राहून आले. मले तिथून पांढऱ्या साडीवरची निळी शाल आणली. लय मऊ हाय. तुह्याकडे येताना तेच पांघरीन.

मंग दिवाळीत त्याचं लग्न जमाच्या गोष्टी निघाल्या. परतवाड्याची पोरगी हाय, शिकलेली, दिसाले नाजूक. पाहुणे म्हणाले की गाडी तं दाखवा. मंग ललित त्या समद्याईले घेऊन चिखलदऱ्याले गेला. चढावर गाडी लय खाते, पण भाऊ, गंमत आयक, घाट उतरताना ते सोताच भरते म्हणे! मी म्हटलं आपल्या म्हातारपणाले असा उतार पाहिजे होता.

भाऊबीजेले मी पिशवी भरून बसली होती. म्हटलं जातो बसनंच, अर्ध्या तिकिटात, पायरीवर कोणी बी हात देईन. तं ललित चिडला. म्हणे दारात गाडी असून आजी एस.टी.नं गेली तं लोक मले काय म्हणतील? दीपमालानं पिशवी माळ्यावर ठेवून देली. त्याचं बी बरोबर हाय. नवीन सोयरीक, चार लोक पाहतात. त्याले तुह्याकडच्या पिनचा बी भरोसा वाटत नाही, खेड्यातलं व्होल्टेज वरखाली होते म्हणे, गाडी बिघडली तं? मी सांगितलं की माह्या भावानं कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं. तो हसला. हसला म्हणजे येईनच.

अक्षर मोठं काढलं बरं, दोन कागदं लागले.
तुही,
जाई


पातूर
ता. १४ नोव्हेंबर

जाईस आशीर्वाद.

चवथी शिकलो, पण अमरावतीहून नागपूर पातूरपेक्षा दूर पडते, एवढा भूगोल मले येते. चिखलदऱ्यात बिबट्याच्या दारात तुही गाडी भरते, वापस येते, अन् माह्या दारात येत नाही. व्होल्टेज इथलं वरखाली होते का तुह्या नातवाचं, हे त्याले इचार.

तुही चिठ्ठी धर्मपालनं कागदावर आणखी मोठी लिहून देली, तवा वाचता आली. ही मी अंदाजानं लिहून राहिलो. वळी एकमेकीवर चढल्या असतील.

लाल्या रोज सायंकाळी दावं तोडून येते. कोठ्याच्या दारात उभा राहते. आत फरशीवर पाय ठेवत नाही, बाहेरूनच पाहते. शेषराव येते, हाकलत घेऊन जाते. जनावराले कसं सांगावं की बापा, तुही जागा ज्याले देली ते आलंच नाही.

माणसं इचारतात कोठ्यात काय हाय. मी म्हणतो, गाडी. येऊन राहिली. आता ते इचारत नाहीत. हसत असतील. ते मले ना ऐकू येत, ना दिसत. चांगलं हाय.

खोकला छातीत उतरला. बल्ब मात्र अजून लावतो. पेटला का नाही हे हातानं पाहतो, गरम लागते.

जानराव


अमरावती
ता. ५ जानेवारी २०२३

ती. भाऊले जाईचा हजार वेळा जयभीम!

हे चिठ्ठी धर्मपालले वाचून, हातावर बोट फिरवून सांगाले लाव. येऊन राहिलो! पंधरा तारखेच्या रविवारी. दीपमाला ललितवर पहिल्यांदा आवाज चढवून बोलली. म्हणे तुह्या बापाच्या मामानं तुह्या बापाले खांद्यावर बसवून पातूरच्या लेण्या दाखवल्या, अन् तुले एक रविवार निघत नाही? ललितनं मान हालवली. हालवली म्हणजे पक्कं. तारखेवर मी भिंतीवरच्या कॅलेंडरात कुंकवानं गोल केला, सूनबाई म्हणे पेन तं घ्याचा होता.

वरुडची संत्री आणतो, बी काढून देईन. जवसाची चटणी कुटली. सकाळी येऊन गाडी तुह्या कोठ्यात लावू, ते भरेपर्यंत मी तुह्या खाटेवर बसतो. तुले दिसन तेवढं पाय, नाही दिसलं तं माह्या तोंडावरून हात फिरव. सुरकुत्या मोज अन् हास.

मले झोप येऊन नाही राहिली. या वयात माहेर म्हणजे काय बाई! अजून दहा दिवस खोकला दाबून धर.

तुही धाकली, धाकलीच,
जाई


पातूर
ता. १९ जानेवारी २०२३

चि. सौ. नाही म्हणता येत, पण माह्या लेकीसारख्या सूनबाई दीपमालास,
सासूचे आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

ललित बसनं घरी पोचला, हे धर्मपालच्या फोनवरून समजलं. आजीनं गाडीची वायर लपवली, चारचौघात लाज काढली, असं त्यानं तुले सांगितलं म्हणे. खरं हाय. वायर माह्या पिशवीत हाय. पण पुरं काय झालं ते त्यानं सांगितलं नसन, म्हणून लिहितो. फोनवर मले रडू येते.

शुक्रवारी भाऊ गेला अन् शनिवारी सकाळी ललित मले घेऊन निघाला. तुलेच माहीत, गाडी अर्धी पाऊण भरलेली, पण तू म्हणाली निघा, अन् तो निघाला. तेवढ्यासाठी मी त्याचं नाव घेतो. रस्ताभर संत्री मांडीवर होती.

आपल्याकडे बाहेरगावची बहीण आली की गाडीचा आवाज ऐकून घरातल्या बाया उठतात, गल्लीच्या तोंडापर्यंत येतात, गळ्यात पडून रडतात. माह्या बापाच्या वेळी ट्रॅक्टर थांबला तवा माह्यासाठी असाच गलका उठला होता. शनिवारी आमी भाऊच्या दारात जाऊन उभे राहिलो अन् कोणाले समजलंच नाही. समदे पाठमोरे बसलेले. मी गाडीचं दार सोताच उघडलं, गुडघ्यावर हात देऊन उतरली, अन् माणसाच्या पाठीवर हात लावून लावून वाट मांगत आत गेली. शेषरावची बायको पुढं बसली होती. तिलेच पहिले दिसली मी. उठली, अन् तिनंच मले धरलं. एवढी जिच्यासमोर मिरवाची होती, तीच.

भाऊले घरात नव्हतं ठेवलं. त्याची पोरगी सुरतेहून निघाली होती, रविवारी सकाळी पोचणार होती, तोवर बर्फाच्या मशीनची पेटी अकोल्याहून आणली होती. ते पेटी लाईनवर चालते. घरातली जुनी वायर तिचा भार घेईना, दोनदा फ्यूज उडाला. मंग उसामा म्हणाला की चाचाची कोठ्यातली पिन पक्की हाय. म्हणून भाऊले कोठ्यात ठेवला. फरशीवर. भिंतीवर त्याच्याच हातचं गेरूनं लिहिलेलं, जाईच्या गाडीची जागा. त्याच्या खाली ते पेटी घुंघुं करे अन् आत तो निजलेला. माह्या भावानं माह्यासाठी केलेल्या पिनवर थंड होऊन राहिला.

मी काचेवरून हात फिरवला. दुसरं काय करीन.

मंग ललित आला. गाडीत आता थोडंच उरलं म्हणे, अकोला बी गाठता येणार नाही. अन् रात्री इथं झोपाची सोय नाही, डास हायेत, सोमवारी हापिस हाय. मंग त्यानं धर्मपालले बाजूले घेऊन इचारलं की पेटीची पिन थोडा वेळ काढता येईन का. काच बंद असली की गारवा टिकते, काही होत नाही, म्हणे. हळू बोलला. तुहा पोरगा वाईट नाही, दीपमाला. हळू बोलला म्हणजे त्याले समजत होतं.

अन् धर्मपाल, ज्याचा बाप तिथं पडला होता, तो पाहुण्याले नाही म्हणू शकला नाही. शहरातून आलेला मोठा पाहुणा. त्यानं खाली मान घातली, अन् पिनकडे हात नेला.

मी त्या हातावर हात ठेवला. मंग बाहेर गेली, गाडीच्या डिक्कीतून ते वायर काढून माह्या पिशवीत टाकली, संत्र्याच्या वर, अन् ललितले सांगितलं की स्टँड गल्लीच्या तोंडाशी हाय, अकोल्याची बस मोप भेटते. हेही म्हणाली की उद्या तसा रविवारच, अन् रविवार तं तू मामाआजाले देलाच होता. तो चाबी धर्मपालसमोर टाकून गेला. मातीले थांबला नाही. रविवारी दुपारी भाऊले गावानं नेलं.

बस मले बी भेटत होती, सूनबाई. आखाडापासून रोज भेटत होती. पायरी उंच हाय, एवढंच.

भाऊच्या पुण्यानुमोदनापर्यंत मी इथंच. नंतरचं मंग पाहू. माह्या गुडघ्याच्या गोळ्या अन् सुती दोन लुगडे कोणासंग धाड. निळी शाल नको. अन् निंबाखालच्या खड्ड्यात मी रोज एक तांब्या पाणी टाकतो. गाडीसाठी नाही. तो टाके म्हणून.

तुह्यावरची माया आहे तशीच, माह्यावरची तू बी सांभाळ.
तुही सासू,
जाईबाई

ता. क. पेटी गेल्यावर धर्मपालनं चार पोट्टे लावून गाडी ढकलत कोठ्यात नेली, उन्हात खराब होईन म्हणून. शेषरावनं लाल्याले वापस आणून देलं, म्हणे मालक गेला, आता हा घरीच राहू द्या. गाडी घ्याले लवकर कोणाले तरी धाड. थंडी हाय, अन् बैल बाहेर उभा हाय.